स्थलनामांची नोंद: कोणाच्या उच्चारात?

शहापूर तालुक्यातील डोळखांब परिसरात सातबाऱ्यावर जमीन गट क्रमांकाने ओळखली जाते; लोकांच्या बोलण्यात मात्र माळ, पाणवठा, देवराई यांना स्वतःची नावे असतात. याच तालुक्यातील उंबरमाळी या नावात उंबर आजही ओळखू येतो. गावाचे नाव कागदावर टिकते. रानातील नावे बहुधा ठाकूर, कातकरी, महादेव कोळी समाजांतील वृद्धांच्या स्मरणातच असतात.

ही नावे टिपणे हा केवळ भाषाभ्यासकांचा छंद आहे, असे मला वाटत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन, तसेच पवित्र वृक्ष व देवराया यांचा दाव्याच्या पुराव्यांत समावेश आहे. राबासाठी फांद्या कोठून आणल्या जात, मोहाची फुले कोठे वेचली जात, हे सांगताना वृद्ध माणूस स्थलनामांचाच आधार घेतो. नाव विसरले, की वहिवाटीची जागा दाखवणेही अवघड होते.

येथे अपाय संभवतो तो आपल्यासारख्या सुशिक्षितांकडूनच. ‘अशुद्ध’ वाटणारे नाव आपण प्रमाण मराठीत दुरुस्त करतो आणि त्याचा माग पुसून टाकतो. म्हणून नाव आधी सांगणाऱ्याच्या उच्चारात लिहावे. प्रमाण रूप आणि व्युत्पत्ती यांसाठी स्वतंत्र रकाना ठेवावा.

विद्यार्थिमित्रहो, आपण गावात राहूनच शिकता. बाहेरून येणाऱ्या संशोधकाला ही जवळीक सहसा लाभत नाही. आरंभ घरातील आजीपासून, तिच्या संमतीने करावा.