आधी गाव शिकलं, मग कॉलेज आलं

ईशान्येकडच्या राज्यांच्या शिक्षणाबद्दल आपल्याकडे एकच गोष्ट सांगितली जाते: मिशनरी गेले आणि त्यांनी सगळ्यांना शिकवलं. आपल्यासारख्या ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात ती जरा अभिमानानं सांगतात, बाहेर काही लोक तीच रागानं सांगतात. मंडळाच्या अभ्यासगटासाठी मी यंदा मिझोरामच्या शाळांचा इतिहास वाचला. माझं मत असं झालंय की अभिमान आणि राग दोन्ही चुकीच्या जागी आहेत, कारण दोन्हीकडे शिकणारी माणसं गोष्टीतून गायब होतात.

आधी घडलं काय ते बघू. १८९० च्या सुमाराला इंग्रजांनी लुशाई डोंगर ताब्यात घेतले. जानेवारी १८९४ मध्ये जे. एच. लॉरेन आणि एफ. डब्ल्यू. सॅव्हिज हे दोन तरुण सैरांगला पोचले. भाषेला लिपी नव्हती. त्यांनी रोमन अक्षरं घेऊन मिझो वर्णमाला बसवली आणि त्याच वर्षी शाळा सुरू केली. ती लिपी पहिल्यांदा शिकलेले दोघे म्हणजे सुआका आणि थांगफुंगा. ही वर्णमाला मला फार आवडली. पंचवीस अक्षरं, त्यात ए नंतर लगेच 'ऑ' साठी वेगळं अक्षर, आणि 'ग' नंतर चक्क 'ङ'. आपण ङ फक्त पाटीवर गिरवतो आणि विसरतो. शब्दाच्या सुरुवातीला तो उच्चारून बघा, जीभ अडखळते. मिझो मूल ते रोज करतं. म्हणजे लिपी बाहेरची असली तरी कान तिथलाच होता.

रोमन लिपीच का, हा प्रश्न विचारायलाच हवा. शेजारच्या खासी भाषेत आधी सेरामपूरच्या मिशननं बंगाली लिपी वापरली होती. १८४१ मध्ये थॉमस जोन्स चेरापुंजीला आला आणि त्यानं रोमन लिपी आणली. तीच पुढे टिकली. लिपी निवडणं हे किती राजकीय काम असतं ते गोव्यातल्या वाचकांना मी काय सांगणार! आणि आपण मोडी कशी घालवली ते तर आपल्याच घरातलं.

पण लिपी दिली म्हणून कुणी शिकत नाही. मिझो लोक शिकले त्यामागे एक अगदी व्यवहारी कारण होतं. इंग्रज सरकारनं घरटी सक्तीची हमाली लावली होती. साहेबाचं सामान डोंगर चढवून न्यायचं. पुढे अधीक्षक शेक्सपियर यांनी जाहीर केलं की कनिष्ठ प्राथमिक परीक्षा पास होईल त्याला या हमालीतून सूट. आता सांगा, कोण शिकणार नाही? हे कारण मिशनच्या गौरवगाथेत बसत नाही आणि 'धर्मासाठी फसवून शिकवलं' या आरोपातही बसत नाही. पोरांनी पाठीवरचं ओझं उतरवायला पाटी हातात घेतली. मला यात काही कमीपणा दिसत नाही. आपल्या आजोबांनी तरी शेतातून सुटायलाच मॅट्रिक केलं होतं.

१९०४ मध्ये सरकारनं शिक्षणाचं जवळजवळ सगळं काम मिशनवर सोपवलं. त्यानंतर गावोगाव मिझो शिक्षक गेले. शिवाय रविवारची शाळा होती, तिच्यात मुलांबरोबर मोठी माणसंही बसायची आणि परीक्षा द्यायची. दक्षिणेत सेरकॉनला एडिथ चॅपमन यांनी मुलींची शाळा चालवली. लोक त्यांना पी झिर्तिरी म्हणत. पुस्तक मात्र सगळीकडे मिझो भाषेतलंच. आज साक्षरतेचे आकडे दाखवून मिझोरामचं कौतुक करतात (२०११ च्या जनगणनेत ९१.३३ टक्के, राज्यांमध्ये केरळनंतर दुसरा नंबर), त्याचं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

आणि तरीही मिझोरामला पहिलं हायस्कूल मिळालं १९४४ मध्ये! शाळा सुरू झाल्यावर पन्नास वर्षांनी. त्याआधी पुढे शिकायचं तर शिलाँग, गुवाहाटी नाहीतर कलकत्ता गाठायचं. सरकारला कारकून, दुभाषे आणि शिपाई हवे होते. मिशनला वाचणारे आणि शिकवणारे हवे होते. पदवीधर कुणालाच नको होते, असंच म्हणावं लागतं. पहिलं कॉलेज ऐझॉलला १५ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. पाछुंगा यांच्या देणगीनंतर त्याला त्यांचं नाव मिळालं. नंतरच्याच वर्षी बांबूला फुलं येऊन उंदीर माजले आणि दुष्काळ पडला. १९६६ मध्ये बंड झालं, ऐझॉलवर आपल्याच विमानांनी बॉम्ब टाकले, मग गावंच्या गावं उचलून रस्त्याकडेला वसवली. १९८६ च्या करारापर्यंत वीस वर्षं अशांततेत गेली. त्यातही ते कॉलेज टिकलं. १९७९ मध्ये ते केंद्रीय विद्यापीठाशी जोडलं गेलं आणि २००१ मध्ये मिझोरामला स्वतःचं विद्यापीठ मिळालं.

आता याच्या शेजारी आपला इतिहास ठेवा. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले सांगत होते की सरकार उच्च शिक्षणावर पैसा घालतं आणि कर भरणाऱ्या कुणब्याच्या पोराला साधी प्राथमिक शाळा नाही. (जोतीरावांनी स्वतः शाळा काढण्याआधी अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. मिशनऱ्यांबद्दल बोलताना ही गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावी.) आपल्याकडे आधी कळस बांधला, पाया नंतर. मिझोंकडे पाया घातला आणि कळस पन्नास-साठ वर्षं अडवून ठेवला. दोन्हीत अन्याय आहेच. पण भाषेच्या दृष्टीनं विचाराल तर मी मिझोंच्या बाजूची. ज्या भाषेत गावातली म्हातारी वाचते ती भाषा कॉलेज उशिरा आलं म्हणून मरत नाही.

किंमत काय द्यावी लागली तेही सांगायला हवं. मिझो गावात झॉलबुक नावाचं तरुण मुलांचं मोठं घर असायचं. रात्री मुलं तिथे झोपायची, मोठ्यांकडून कुस्ती, शिकार, गाणी आणि गावासाठी राबणं शिकायची. तीही शाळाच होती, फक्त तिथे हजेरीपट नव्हता. पाटी-पुस्तकाची शाळा आली तशी झॉलबुक ओस पडली आणि १९३८ मध्ये ती अधिकृतपणे बंद झाली. त्याआधी १९३५ मध्ये निघालेल्या तरुणांच्या संघटनेनं त्यातलं थोडंफार काम उचललं. थोडंफारच. म्हणून 'मिझोराममध्ये शिक्षण १८९४ पासून' असं वाक्य कुठे आलं की मी तिथे पेन्सिलनं खूण करते.

दुसरी किंमत कमी सांगितली जाते. शाळेत जी मिझो बोली प्रमाण ठरली तिच्याखाली बाकीच्या बोली दबल्या. राज्याच्या दक्षिण टोकाला लाई आणि चकमा लोकांचा लॉङ्गतलाई जिल्हा आहे. तिथली साक्षरता २०११ मध्ये ६६ टक्क्यांच्या आसपास होती. एकाच राज्यात इतका फरक! 'मातृभाषेतून शिक्षण' म्हणताना कुणाची मातृभाषा हा प्रश्न प्रत्येक सीमेवर असतोच. आपण बेळगावात मराठीवरच्या अन्यायाबद्दल बोलतो, बोलायलाच हवं. पण मराठी शाळेत बसलेल्या कोकणी किंवा लमाणी घरातल्या मुलाबद्दल आपण काय बोललो आजवर?

मला खटकतं ते इथलं. आमच्या गल्लीतल्या मराठी शाळेत मी शिकले. आता तिथे पहिली ते तिसरी एकाच खोलीत बसतात. आपल्या मंडळाची कविसंमेलनं मात्र दणक्यात होतात, हार-शालींचा खर्च वेगळाच. सीमाभागात मराठी टिकवायची म्हणजे व्याख्यानमाला घ्यायची असं समीकरण आपण करून ठेवलंय. म्हणजे पुन्हा कळस.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे. दर शनिवारी मंडळाच्या चार-चार जणांनी जवळच्या एका मराठी प्राथमिक शाळेत जाऊन तासभर मुलांबरोबर वाचायचं. मोठ्यांना यायचं असेल तर त्यांनाही बसवायचं. पुस्तकांचा खर्च यंदाच्या शालींमधून काढायचा. कुणाला हरकत असेल त्यांनी बैठकीला यावं आणि तिथे सांगावं.