क्लचचा हब आणि घरचा हातोडा

जेऊर भागांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. १९८० सालीं उजनी धरण पुरें झालें, भीमेचें पाणी आपल्या शिवारांपर्यंत येऊन थांबलें, आणि उसाच्या मागोमाग दुधाचे कॅन, खताचीं पोतीं व पंपाचें सामान हें सर्व दोन चाकांवर फिरूं लागलें. रात्रीची वीज आली कीं मळ्यांत जावयाचें तें याच गाडीवर. अशा गाडीचा क्लच ऐन हंगामांत घसरूं लागला, तर गॅरेजवाल्याच्या दारांत तीन तीन दिवस गाडी ठेवणें कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारें नाहीं. म्हणून पुष्कळ मंडळी हें काम घरींच उरकतात. त्यांत गैर कांहींच नाहीं. गैर आहे तो हातोडा.

झाकण काढणें, स्प्रिंगांचे बोल्ट सोडविणें, प्लेटा बाहेर घेणें, एवढें कोणालाही जमतें. अडतें तें पुढें. मधला हब गिअरच्या दांड्यावरील खाचांत बसविलेला असतो आणि त्यावर मोठा नट पक्का आवळलेला असतो. नट फिरवूं लागलें कीं हबही त्याबरोबर फिरतो. येथें लोक हबच्या दांत्यांत पेचकस किंवा छिन्नी अडकवितात. हब असतो बहुधा ॲल्युमिनियमचा. दांता उडाला कीं दोन पैशांच्या कामाला नवीन हबाची किंमत मोजावी लागते. त्यासाठीं हब धरून ठेवण्याचा स्वतंत्र पाना मिळतो. तो नसेल तर गाडी वरच्या गिअरमध्यें घालून दुसऱ्यानें मागील ब्रेक दाबून धरावा, हा त्यांतल्या त्यांत निर्धोक उपाय. नटावर वॉशरची कड मुडपलेली असल्यास ती आधीं सरळ करावी, आणि आंटे उजवे आहेत कीं डावे हें गाडीच्या पुस्तकांत पाहूनच जोर लावावा.

नट निघाला तरी जुन्या गाडीचा हब कित्येक वेळां हालत नाहीं. वर्षानुवर्षांच्या झटक्यांनीं खाचांच्या कडा चेपून त्यांना धार आलेली असते. तेलांत पाणी शिरलें असेल तर गंजही चढतो. मद्रासच्या कारखान्यांत १९५५ पासून बनूं लागलेली जुनी बुलेट या बाबतींत विशेष हट्टी. तिची इंजिनाकडील साखळी अखंड असल्यामुळें दोन्ही चक्रें बरोबरच ओढून काढावीं लागतात. अशा वेळीं मागून पहार लावून हब उचकटला किंवा दांड्याच्या तोंडावर घाव घातले, तर तो आघात थेट गिअरच्या बेअरिंगांवर जातो, आणि दांड्याचे आंटे बसले म्हणजे तोच नट पुन्हां चढत नाहीं. आमच्याच शेजारच्या एका शेतकऱ्याची गाडी एका गॅरेजांत अशीच ठोकली गेली; हब तडकला, आणि त्याचें दूध आठवडाभर दुसऱ्याच्या गाडीवर गेलें.

खरें साधन म्हणजे पुलर. कित्येक हबांत त्याच्यासाठीं आंटेच कातलेले असतात. पुलर पूर्ण आंट्यांवर चढवावा, मधला स्क्रू सावकाश आवळीत जावा, आणि ताण आल्यावर स्क्रूच्या डोक्यावर एक हलकी टिचकी मारावी. एवढ्यानें हब सुटतो. दांडग्या माणसाची त्याला गरज नाहीं.

परत बसवितांना घाई नडते. हबच्या पाठीमागचा सपाट वॉशर तेलानें चिकटून बाहेर येतो व मग कोठें तरी हरवतो. त्यावर पहिल्यापासून लक्ष ठेवावें. खाचा स्वच्छ करून तेल लावल्यावर हब हातानें सरकला पाहिजे. ठोकावा लागला तर कांहीं तरी चुकलें असें समजावें. नव्या प्लेटा इंजिनच्या तेलांत भिजवूनच घालाव्या, स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावे, आणि शेवटीं तार लावल्यावर क्लचच्या दांडीच्या टोकाशीं मोकळीक ठेवावी. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना ती १० ते २० मिलिमीटर लागते. मोटारीचें उरलेलें तेल ओतूं नये; त्यांतील निसरडेपणाच्या द्रव्यांनीं नवा क्लचही घसरतो. डब्यावर जासो एम-ए अशी खूण पाहून घ्यावें.

कोणी म्हणतील, शेतकऱ्यानें शेती करावी, यंत्रें कारागिरांवर सोडावीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, आणि त्यानंतर पंधरा वर्षांनीं त्यांचा लोखंडी नांगर आला. पाना हातीं धरण्यांत कमीपणा मानला असता तर तो नांगर आपल्या आजोबांच्या हातीं कोठून येता? मात्र हमीची मुदत चालू असलेली नवी गाडी घरीं खोलूं नये, हें आम्हांसही मान्य आहे.

अडचण खरी आहे ती साधनांची. वर्षादोनवर्षांतून एकदां लागणाऱ्या पुलरसाठीं प्रत्येकानें पैसे घालावे असें कोणी म्हणणार नाहीं, आणि प्रत्येक गाडीचा पुलरही निराळा. म्हणून आमची सूचना अशी कीं, मंडळानें फवारणीचे पंप ठेवावे त्याप्रमाणें पुलरांचा व धरण्याच्या पान्यांचा एक संच ठेवावा, अनामत घेऊन तो सभासदांस द्यावा, व परत येतांच आंटे तपासून नोंद करावी. कचेरींत उभी हयात गेलेल्या माणसास एवढें ठाऊक आहे कीं, नोंदवही नसली म्हणजे सार्वजनिक वस्तु तीन महिन्यांत बेपत्ता होते. येत्या सभेपूर्वीं प्रत्येक सभासदानें आपल्या गाडीचें नांव व साल चिठ्ठीवर लिहून चिटणिसांकडे द्यावें, म्हणजे कोणते पुलर आधीं घ्यावयाचे तें ठरवितां येईल.