संतापाचा अधिकार

रसिक आणि चाहता अशी दोन माणसे कल्पून पहिल्याला समीक्षेच्या माजघरात घ्यायचे आणि दुसऱ्याला ओसरीवरच बसवायचे, ही मराठी समीक्षेची जुनी रीत आहे. रसिकाची प्रतिक्रिया म्हणजे आस्वाद. चाहत्याची प्रतिक्रिया म्हणजे गोंगाट. संगीत जर हेवी मेटलसारखे, मुळातच गोंगाटाच्या आरोपाखाली उभे असलेले असेल, तर त्याच्या श्रोत्याला काही विवेचनक्षम मत असू शकते ही शक्यतादेखील विचारात घेतली जात नाही. मेटॅलिका या अमेरिकी बँडच्या उत्तरकालीन आल्बमांवर त्याच्याच चाहत्यांनी जे रान उठवले, त्याचीही अशीच वासलात लावली गेली. 'जुन्याला चिकटून बसलेली माणसे' एवढ्या एका शेऱ्यात प्रकरण मिटले. हा शेरा अर्धा खरा आहे. समीक्षेचे नुकसान पूर्ण असत्यापेक्षा अशा अर्ध्या खऱ्या शेऱ्यांनीच अधिक होते.

प्रथम त्यातला खरा अर्धा. लार्स उलरिक आणि जेम्स हेटफील्ड यांनी 1981 मध्ये लॉस एंजेलिस येथे हा बँड उभा केला. 1983 ते 1988 या काळातील पहिल्या चार आल्बमांनी थ्रॅश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शैलीची घडण निश्चित केली: प्रचंड वेग, तुटक आघातांनी वाजणारी जड गिटार, सात-आठ मिनिटे चालणाऱ्या अनेक खंडांच्या रचना आणि त्यांच्या मध्यभागी गिटारचे दीर्घ एकलवादन. बेसवादक क्लिफ बर्टन 1986 मध्ये स्वीडनमधील बस अपघातात मरण पावला आणि या कालखंडाला स्मृतीचे एक वलयही लाभले. चाहत्यांच्या मनातले सुवर्णयुग ते हेच. मात्र विश्वासघाताचा आरोप त्या युगातही होत होता. 1984 च्या दुसऱ्या आल्बममध्ये साध्या गिटारवर सुरू होणारे एक संथ गाणे आले, तेव्हाच काहींनी बँड विकला गेल्याचे जाहीर केले. 1989 मध्ये पहिली चित्रफीत निघाली, पुन्हा तोच आरोप. 1991 च्या, बँडचेच नाव धारण करणाऱ्या आल्बममध्ये गाणी आखूड व संथ झाली; त्याच्या एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून अधिक प्रती खपल्या आणि आरोप पक्का झाला. 1996 मध्ये 'लोड' प्रसिद्ध झाला. वादकांनी केस कापले होते, छायाचित्रांत काहींच्या डोळ्यांत काजळ होते, आणि चाहत्यांतील एक मोठा वर्ग संगीत बाजूला ठेवून या केसांवरच बोलत राहिला.

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले 'निजसुखादिविवशीभाव' हे विघ्न येथे अचूक लागू पडते. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने इतका व्यापलेला असतो की समोरच्या वस्तूत त्याचे चित्त विश्रांत होऊच शकत नाही. (या विघ्नावर अभिनवगुप्ताने सुचवलेल्या उपायांत गायनवादनही आहे, संगीतच विघ्नाचे ठिकाण होईल, अशी वेळ त्याच्यासमोर आली नसावी.) 'लोड'वर रुष्ट झालेला श्रोता आल्बम ऐकत नव्हता. तो आपले सतरावे वर्ष परत मागत होता. ते कोणत्याही कलावंताला देता येत नाही. या रागाला अभिरुचीचे नाव देण्याचे कारण नाही.

पण अभ्यासक येथेच थांबतात आणि 'लोड'ला लावलेले माप 2003 च्या 'सेंट अँगर'लाही लावून मोकळे होतात. ही शुद्ध आळशीपणाची समीक्षा आहे.

'सेंट अँगर'च्या आधी घडलेली एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एप्रिल 2000 मध्ये बँडने नॅप्स्टर या सेवेवर खटला भरला आणि आपली गाणी फुकट घेणाऱ्या तीन लाखांहून अधिक वापरकर्त्यांची नावे तिच्या स्वाधीन करून त्यांना बंदी घालण्याची मागणी केली. कायदा बँडच्या बाजूला होता, यात वाद नाही. तथापि ज्या बँडची पहिली कीर्ती हातोहात फिरणाऱ्या कॅसेटींवरून पसरली होती, त्याने श्रोत्याकडे संशयिताच्या नजरेने पाहिले, हेही तितकेच खरे. भक्त आणि दैवत हे नाते त्या दिवशी संपले. चाहता हिशेब मागू लागला, आणि समीक्षेच्या दृष्टीने ही हानी नव्हे, प्रगतीच होती.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. बेसवादक जेसन न्यूस्टेड जानेवारी 2001 मध्ये बँड सोडून गेला. हेटफील्ड व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दीर्घकाळ दूर राहिला. उरलेले सभासद आणि निर्माता बॉब रॉक एका समुपदेशकाच्या देखत परस्परांशी बोलायला शिकत होते. 2004 च्या एका अनुबोधपटात हे सारे पाहावयास मिळते. या अवस्थेत झालेल्या आल्बमची लांबी सुमारे पंचाहत्तर मिनिटे आहे. त्यात अकरा गाणी आहेत आणि गिटारचे एकलवादन एकाही गाण्यात नाही. एकत्र वाजवलेल्या तुकड्यांची संगणकावर जुळणी करून रचना सिद्ध केल्या आहेत, आणि ती जुळणी कानाला जाणवते: एखादा तुकडा पुन्हा का आला याचे कारण रचनेत सापडत नाही. सर्वांत जास्त वाद झाला तो स्नेअर ड्रमवर. या ढोलाच्या तळाशी तारांचा एक पट्टा ताणलेला असतो. त्याच्या थरथरीमुळे आघाताला नेटका, आखूड आवाज येतो. उलरिकने तो पट्टा सोडवून ठेवला. परिणामी प्रत्येक आघाताबरोबर धातूच्या रिकाम्या डब्यासारखा नाद उमटतो, घुमत राहतो आणि गिटार व गळा या दोहोंना झाकून टाकतो.

चाहत्यांची तक्रार नेमकी ही होती. हा ढोल ऐकवत नाही. एकलवादन काढून टाकले, पण त्याच्या जागी काहीच आणले नाही. गाणी संपायची तेव्हा संपत नाहीत. यांतले कोणते विधान गोंगाट म्हणावे? अभिनवगुप्ताच्याच यादीत 'प्रतीत्युपायवैकल्य' आणि 'स्फुटत्वाभाव' ही दोन विघ्ने आहेत: ज्या साधनांनी प्रतीती व्हायची ती साधनेच लुळी असणे, आणि जे प्रतीत व्हायचे ते स्पष्ट नसणे. ही विघ्ने प्रेक्षकाच्या मनात नसतात, कृतीत असतात. 'लोड'वरचा राग पहिल्या प्रकारच्या विघ्नातून आला, 'सेंट अँगर'वरचा दुसऱ्या प्रकारच्या. राग करणारी माणसे पुष्कळशी तीच होती, म्हणून राग एकच होता असे मानणे म्हणजे मत तपासण्याऐवजी मत देणाऱ्याचा चेहरा तपासणे होय.

आल्बमच्या समर्थनार्थ दोन युक्तिवाद केले जातात. पहिला प्रामाणिकपणाचा. ही माणसे मोडली होती, त्यांनी ते मोडलेपण न सजवता समोर ठेवले, म्हणून आल्बम श्रेष्ठ, असे सांगितले जाते. मराठी वाचकाला हा युक्तिवाद फार ओळखीचा आहे. आत्मचरित्रांच्या आणि आत्मपर कादंबऱ्यांच्या किती प्रस्तावना याच एका आधारावर उभ्या आहेत! दुःख खरे होते, यावरून दुःखाची कृती झाली असे सिद्ध होत नाही. हेटफील्डचे हाल खरे होते याविषयी शंका घेणे क्रूरपणाचे ठरेल. पण श्रोत्याच्या हाती हाल येत नाहीत, ध्वनी येतो. आणि त्या ध्वनीत हालांना आकार मिळाला की नाही, एवढेच त्याला विचारायचे असते.

दुसरा युक्तिवाद अधिक विद्वान वर्गाचा, आणि म्हणून अधिक घातक आहे. प्रत्येक नवतेला विरोध होतो; मर्ढेकरांच्या कवितेवर तर अश्लीलतेचा खटला झाला; तेव्हा विरोध हे नवतेचेच लक्षण समजावे. या तर्कातली खोट तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दाखवता येईल. नवतेला विरोध होतो, याचा अर्थ ज्याला विरोध होतो ते नवे असते असा नव्हे. मर्ढेकरांची दुर्बोध वाटलेली ओळ पुन्हा वाचली की उलगडत जाते, कारण तिच्या मोडतोडीला अंतर्गत प्रयोजन आहे. 'सेंट अँगर'चा ढोल पंचविसाव्यांदा ऐकला तरी पहिल्याइतकाच अडवा येतो. जोडीला सन्मानाची साक्ष काढली जाते: आल्बम अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर आला, शीर्षकगीताला 2004 मध्ये ग्रॅमी मिळाले. पुरस्कार समित्या काय ऐकतात आणि काय वाचतात, या विषयावर अकादमीच्याच संग्रहात फार खोलात न शिरणे बरे.

2008 चा 'डेथ मॅग्नेटिक' हा या वादातला सर्वांत बोधप्रद टप्पा, कारण येथे चाहत्यांनी पुरावा मांडला. रिक रुबिनच्या निर्मितीखाली बँड जुन्या शैलीकडे परतला होता. दीर्घ रचना होत्या, एकलवादन होते, वेग होता. 'जुन्याला चिकटलेल्या' माणसांनी या आल्बमला डोक्यावर घेऊन स्वस्थ बसायला हवे होते. ते बसले नाहीत. डिजिटल मुद्रणात आवाजाच्या तीव्रतेला एक वरची मर्यादा असते. त्या मर्यादेत राहून अधिक मोठे ऐकू यावे, यासाठी हळू भाग वर उचलले जातात, उंच शिखरे दाबली जातात, आणि हव्यास वाढला की शिखरे सपाट कापली जाऊन ध्वनी फाटतो. 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये तो फाटला होता. तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ खेळासाठीही दिली गेली होती, आणि खेळाला प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लागत असल्याने ती या अंतिम दडपणीतून सुटली होती. चाहत्यांनी दोन्ही ध्वनी शेजारी ठेवून ऐकले, त्यांच्या लहरींचे आलेख काढले आणि फरक डोळ्यांना दाखवून दिला. आल्बमचे पुन्हा मिश्रण करावे, अशा मागणीच्या निवेदनावर हजारोंनी सह्या केल्या. आपल्याकडे ध्वनी आला तेव्हाच तो दडपलेला होता, असे अंतिम संस्करण करणाऱ्या तंत्रज्ञाचे म्हणणेही प्रसिद्ध झाले. पाठचिकित्सा याहून वेगळी काय असते? दोन प्रती मिळवायच्या, ताडून पाहायच्या, भ्रष्ट पाठ कोणता आणि तो कोणत्या हाताने भ्रष्ट झाला हे ठरवायचे. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांबाबत हेच काम करणारा संशोधक विद्वान ठरतो. आल्बमबाबत करणारा मात्र चाहताच राहतो.

या श्रोत्यांचा कान सर्वत्र सारखा न्याय करतो, असे नव्हे. 1988 च्या चौथ्या आल्बममध्ये न्यूस्टेडचे बेसवादन जवळजवळ ऐकूच येत नाही. हा दोष 'सेंट अँगर'च्या ढोलाइतकाच ढोबळ आहे, पण आल्बम सुवर्णयुगातला पडला. त्या त्रुटीबद्दल कुरकुर झाली, पण बंड झाले नाही. आणि संतापाचा प्रत्येक उद्रेक टीका असतो असेही कोणी समजू नये. 28 ऑक्टोबर 2011 रोजी गुडगाव येथील कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, तेव्हा जमावाने रंगमंचाची मोडतोड केली. तो केवळ फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाचा राग होता. दोनच दिवसांनी बंगळुरूला कार्यक्रम सुरळीत पार पडला. एकाच चाहत्याच्या ठिकाणी गिऱ्हाईक, भक्त आणि समीक्षक हे तिघे नांदत असतात. त्यांतला कोण केव्हा बोलतो आहे हे ओळखणे अभ्यासकाचे काम आहे, आणि ते त्याने केलेले नाही.

2015 मध्ये काही चाहत्या वादकांनी 'सेंट अँगर' पहिल्या गाण्यापासून अखेरच्या गाण्यापर्यंत पुन्हा वाजवून ध्वनिमुद्रित केला. ढोलाला त्याच्या तारा परत मिळाल्या आणि रचनांची जुळणी नीट केली गेली. मूळ आल्बममध्ये चांगल्या गाण्यांचा कच्चा माल होता, हे त्यातून प्रथमच कानांना कळले. मेटॅलिका स्वतः आपल्या कार्यक्रमांत या आल्बममधील गाणी क्वचितच वाजवते.