बाळापूरची खरी खाण पारसला आहे, नदीत नाही

पोस्ट जरा लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या तालुक्यात खनिज काय आहे असं कुणी विचारलं, तर आपण हात वर करतो. कोळसा वणी-चंद्रपूरला, लोखंड गडचिरोलीला, मँगनीज भंडारा-नागपूरला. आपल्याकडं काय, तर काळी माती आन् खारं पाणी!

मग एक दिवस किल्ल्यात जा आणि तटाला हात लावून पाहा. एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानानं १७५७ साली पुरा केलेला हा किल्ला विटांचा आहे. इतकी पावसाळे-उन्हाळे झाले तरी तट उभा आहे. नदीकाठची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री काळ्या दगडाची. वीट म्हणजे माती, छत्री म्हणजे दगड. खनिज आपल्याकडं होतंच. फक्त कायद्यानं त्याला 'गौण खनिज' म्हटलं, आणि आपणही त्याला गौणच समजू लागलो.

रेती, मुरूम, गिट्टी, विटांची माती. एवढ्या चार गोष्टींवर आपला सगळा विकास उभा आहे. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत झाली, गिनीज बुकात नाव गेलं, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या कामात ३६ हजार ६३४ टन डांबरमिश्रण लागलं. त्यात डांबर फक्त २ हजार ७० टन. बाकी सगळी गिट्टी आणि चुरी, म्हणजे कुठल्या ना कुठल्या शिवारातली टेकडीच. रस्ता पाहिजे, यात वाद नाही. पण टेकडी एकदा गेली की गेली, हेही तेवढंच खरं.

टेकडीपेक्षा मला जास्त काळजी रेतीची आहे. रेती म्हणजे बांधकामाचा माल, असं आपल्या डोक्यात बसलं आहे. खारपाणपट्ट्यातल्या माणसानं तरी असं समजू नये. आपल्या भागात जमिनीत खोल गेलं की पाणी खारं लागतं. गोडं पाणी कुठं राहतं, तर नदीच्या रेतीत. पावसाळ्यात नदी वाहते, रेती ते पाणी पोटात धरते आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडते. आपल्या आया-आज्या नदीत झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरायच्या, ते उगाच नाही. मन असो, म्हैस असो की पूर्णा, त्या रेतीचा प्रत्येक ब्रास म्हणजे फुकटची पाण्याची टाकी आहे. रात्री टिप्परनं जाते ती फक्त रेती नाही, गावाचं उन्हाळ्याचं पाणी जातं. बाजारात रेतीचा भाव निघतो, या पाण्याचा भाव कुणी काढत नाही.

"मग घरं बांधायची कशानं?" हा प्रश्न येणारच, आणि तो खरा आहे. घरकुलाचं अनुदान ठरलेलं असतं, त्यात महागाची रेती घ्यायची कशी? सरकारनं २०२५ च्या धोरणात घरकुलवाल्याला ५ ब्रासपर्यंत रेती मोफत ठेवली. कागदावर चांगलं आहे. पण घाटावर रेतीच उरली नाही, तर ५ ब्रास मोफत असो की ५० ब्रास, ती भेटणार कुठून?

आता पारसकडं या. मुंबई-नागपूर रेल्वेनं जाताना दिसते ती चिमणी आपण रोज पाहतो. २५० मेगावॅटचे दोन संच, एकूण ५००. कोळसा बाहेरून रेल्वेनं येतो, वीज तारांवरून राज्यभर जाते. आपल्याकडं काय उरतं? राख.

किती? ढोबळ हिशोब करू. हे माझं गणित आहे, प्रकल्पाचा आकडा नाही. दोन्ही संच २४ तास पूर्ण चालले तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. एका युनिटला ७०० ग्रॅम कोळसा धरा, म्हणजे दिवसाला ८ हजार ४०० टन. आपल्या देशी कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते. म्हणजे रोजची जवळपास ३ हजार टन. ब्रासच्या भाषेत सांगायचं तर अंदाजे हजार ब्रास. दररोज! संच कमी चालले तर निम्मी धरा, तरी पाचशे ब्रास होते. एवढा माल देणारी दुसरी खाण तालुक्यात नाही.

आणि हा माल टाकाऊ नाही. पोझोलाना सिमेंटच्या पोत्यात १५ ते ३५ टक्के उडती राखच असते. म्हणजे आपण ती पैसे देऊन विकत घेतोच, फक्त ती सिमेंट कंपनीच्या पोत्यातून येते. राख, चुना किंवा सिमेंट आणि चुरी मिळून वीट होते, भट्टी लागत नाही, शेताची वरची माती खरवडावी लागत नाही. रस्त्याच्या भरावात राख चालते, म्हणजे तेवढा मुरूम वाचतो. बॉयलरच्या तळाची जाड राख काही कामांत रेतीच्या जागी वापरता येते.

नियमही आजचे नाहीत. १९९९ मध्येच केंद्रानं सांगितलं होतं की औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटेत किमान २५ टक्के राख मिसळलीच पाहिजे. पुढं ते अंतर वाढत गेलं. डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनं तर सगळीच राख वापरायचं बंधन वीज केंद्रांवर घातलं, आणि ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्ते-बांधकामांनाही त्यात ओढलं. बाळापूर पारसच्या दारात आहे. मग आपल्या गावरस्त्याच्या अंदाजपत्रकात मुरमाची ओळ असते, तशी राखेची ओळ का नसावी? हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही.

राख काही सोनं नाही, हेही सांगतो. उन्हाळ्यात वारं सुटलं की पारसच्या आजूबाजूच्या लोकांना विचारा, ताटात काय येतं ते. उघडी टाकलेली राख पाण्यात उतरली तर विहिरी खराब होतात. भराव केला तर वर आणि बाजूनं माती पाहिजे, वाहतूक झाकून पाहिजे. पण हा त्रास राख वापरल्यामुळं नाही, ती साठून राहिल्यामुळं जास्त होतो. आणि भट्टीवर, ट्रॅक्टरवर पोट असलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडा असं मी म्हणत नाही. राखेच्या विटांचं यंत्र आधी त्याच्याच दारात गेलं पाहिजे. माती कालवणारे हात राख कालवायला लगेच शिकतात.

मागण्या तीनच.

एक, तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी कामाच्या अंदाजपत्रकात आधी राख बसते का ते पाहा, नसेल बसत तर कारण लिहा, मगच मुरूम-रेती धरा.

दोन, घरकुलवाल्याला मोफत रेतीसोबत राखेच्या विटांचा पर्याय गावाजवळ द्या. रेतीची वाट पाहत त्याचा हप्ता अडकू नये.

तीन, गौण खनिजातून किती ब्रास गेले, किती रॉयल्टी आली आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आपल्या तालुक्यात कशावर लागला, याचा फलक प्रत्येक ग्रामपंचायतीवर लावा. हे प्रतिष्ठान २०१५ च्या कायदादुरुस्तीतून आलं, ते खाणकामाची झळ बसलेल्या लोकांसाठीच. झळ आपल्याला बसते, तर हिशोबही आपल्याला दिसला पाहिजे.

आणि पिण्याच्या पाण्याची विहीर जिथं नदीत आहे, तिथला घाट लिलावाला निघत असेल तर ग्रामसभेत उठून नाही म्हणा. फक्त मोबाइलवर नाही म्हणून भागत नाही.

सरकारला शिव्या देणं सोपं आहे, मीही देतो. पण पुढच्या ग्रामसभेत आपल्यापैकी चार जण जरी हा विषय घेऊन उभे राहिले, तरी सचिवाला तो लिहून घ्यावा लागेल. सुरुवात तिथूनच होते. पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर भांडायला घरी या, पण ग्रामसभेला नक्की या.