नवोपक्रमाचा पहिला तास कपाशीच्या धुऱ्यावर घ्या

प्रति,
मा. कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर.



वडनेर हे हिंगणघाट तालुक्यातले, नागपूर–हैदराबाद महामार्गावरचे गाव. इथली मुले-मुली आपल्याच विद्यापीठाच्या पदव्या घेतात. मी कापूस पिकवणारा शेतकरी आणि पदवीला शिकणाऱ्या मुलीचा बाप. या दोन्ही नात्यांनी एक मागणी करतो आहे. नवोपक्रम आणि डिझाइन थिंकिंग शिकवताना, ज्या माणसासाठी वस्तू करायची त्याच्यापाशी विद्यार्थ्याला आधी बसवा आणि गुण देतानाही त्या माणसाचे मत विचारात घ्या.

यासाठी नवा कायदा लागत नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रमासाठी स्वतंत्र संचालकपद दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर फिल्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट पदवीच्या श्रेयांकांत आले. जागा तयार आहे, पण गावाकडे ती बहुतेक कागदानेच भरते. एका ओळखीच्या मुलीची प्रोजेक्टची फाईल मी पाहिली. अक्षर सुरेख, आलेख रंगीत, आणि शेतकऱ्यांच्या समस्या दुसऱ्याच कुठल्या तरी अहवालातून उतरवलेल्या. तिच्या घरासमोरून रोज मजुरीला जाणाऱ्या बायांना तिने एक प्रश्नही विचारला नव्हता. तो विचारायला तिला कुणी सांगितलेच नव्हते.

विचारले असते तर काय हाती लागले असते, ते सांगतो. सीतादहीची पूजा झाली की आमच्याकडे पहिला वेचा सुरू होतो. बाई कमरेला जुन्या लुगड्याची ओटी बांधते आणि दोन्ही हातांनी दोन ओळींतली झाडे वेचत पुढे सरकते. ओटी भरत जाते तसा भार कमरेवर येतो. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटांची अग्रे सोलवटतात. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजून किलोमागे मजुरी मिळते, म्हणून ती झपाट्याने वेचते आणि पाचोळा कापसात येतो. बाजारात त्याच पाचोळ्यापायी माझा भाव पडतो. तिचे हित वेगात, माझे स्वच्छतेत. बाजारात बॅटरीवर चालणारी हातयंत्रे आली आहेत. पण ते यंत्र एका हातात धरून एकेका बोंडाला लावावे लागते आणि बाईचे दोन्ही हात त्याहून चपळ चालतात. वर्गात बसून कुणी ‘कापूस वेचणी यंत्र’ असा विषय घेतला, तर तो मोटारीचा विचार करील. चार दिवस धुऱ्यावर बसलेला विद्यार्थी कदाचित ओटीपासून सुरुवात करील. भार खांद्यावर कसा नेता येईल, बोटांना काय घालता येईल, मजुरीचा हिशेब स्वच्छ कापसाला कसा जोडता येईल, असे प्रश्न त्याला सुचतील. असा नेमका प्रश्न सापडणे हे या शिक्षणातले निम्मे काम आहे.

हा टप्पा गाळला की किंमत मोजावी लागते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती आणि फवारा थेट तोंडावर येत होता. मास्क, हातमोजे, अंगभर कोट घाला, हा सल्ला बरोबरच आहे. पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उकाड्यात, पाठीवर भरलेला पंप घेऊन, तो कोट घालून दिवसभर चालून पाहा. मग तो झोपडीच्या खुंटीला का लटकतो ते कळते. अंगावर टिकेल असा कोट करणे हा आपल्या विद्यार्थ्यांसाठी खराखुरा विषय आहे.

मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइन शिकवले जाते. स्टॅनफर्डच्या डी-स्कूलचे नाव तर आता जगभर घेतात. वापरणाऱ्यापासून सुरुवात करण्याचा वारसा आपल्यालाही आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत: किंमत दीडशे रुपयांच्या आत, वजनाला हलका, आणि झोपडीतल्या बाईला फार न थकता आठ तास चालवता यावा असा. वापरणारी बाई त्या अटींच्या केंद्रस्थानी होती. बक्षीस कुणालाच मिळाले नाही, तरी अटी सैल झाल्या नाहीत. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे प्रयोग झाले, तेलाची ‘वर्धा घाणी’ तिथेच घडली. हाताने काम करत शिकण्याची नई तालीमही १९३७ च्या वर्ध्यातल्या परिषदेतून उभी राहिली. आणि ‘ग्रामगीता’ लिहिणाऱ्या संताचे नाव तर विद्यापीठाच्या माथ्यावरच आहे.

म्हणून चार गोष्टी मागतो. एक, अशा प्रकल्पात पहिले काही आठवडे उपाय सुचवायला मनाई असावी; फक्त पाहणे, ऐकणे, स्वतः काम करून बघणे आणि ते मराठीत, वऱ्हाडीत लिहून काढणे. दोन, फसलेल्या नमुन्यालाही गुण असावेत. का फसला हे ज्याला नेमके सांगता येते, तो शिकला आहे. तीन, तालुक्याची आयटीआय, गावातला वेल्डर, शिवणकाम करणाऱ्या बाया यांच्याशी महाविद्यालयांनी करार करावेत आणि नमुन्यासाठी थोडा निधी द्यावा. चार, मूल्यमापनाच्या दिवशी वस्तू वापरणारी व्यक्ती परीक्षकांच्या शेजारी बसावी, तिच्या मताला गुण असावेत आणि त्या दिवसाची तिची मजुरी विद्यापीठाने द्यावी.

विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी माझे शेत खुले आहे. दसऱ्याच्या आत परिपत्रक निघाले, तर याच हंगामाच्या पहिल्या वेच्याला त्यांना धुऱ्यावर बसता येईल. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एक कापूस उत्पादक व पालक,
वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा