चौलच्या बंदरात तलवार कुठे होती?

इस्लाम फक्त तलवारीने आला, असे आपल्या पोरांकडून घोकून घेतले जाते. आम्ही विचारतो, मग चौलचे काय? इ.स. ९१६ च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी कोकणातल्या या बंदरात आला. इथे सुमारे १०,००० मुसलमान राहतात, अशी नोंद त्याने केली. काही ओमान, बसरा, बगदादहून आलेले व्यापारी, काही इथेच जन्मलेले. राज्य शिलाहारांचे, मुसलमानांचे व्यवहार बघायला त्यांच्यातलाच प्रमुख नेमलेला. दिल्लीची सल्तनत यायला अजून जवळपास ३०० वर्षे होती!

पुढे स्वाऱ्या झाल्या, हे आम्ही नाकारत नाही. बाबासाहेबांनी मुस्लिम समाजातली जातही झाकली नाही. पण अर्धा इतिहास सांगून बहुजन पोरांच्या हाती दगड देणाऱ्यांनो, आमच्या हाती आता पुस्तक आहे.

जय भीम!