एकट्याचा उपवास आणि दात्यांचा शब्द

भडगावसारख्या तालुक्याच्या गावी उपवासाचे नावीन्य कोणालाच नाही. एकादशी, नवरात्र, पर्युषण, रमजान असे वर्षभर काही ना काही चालूच असते. परंतु एखाद्याने एकट्याने उपवास करावा, परिचितांनी त्यासाठी देणगी कबूल करावी आणि ती रक्कम सत्कार्यास जावी, ही प्रथा आपल्याकडे रुळलेली नाही. ऑस्ट्रेलियात ‘वर्ल्ड व्हिजन’ या संस्थेने १९७५ पासून चाळीस तासांच्या उपवासाचा असा उपक्रम चालविला.

कल्पना मात्र आपणांस परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडातील मूठभर धान्यावर वसतिगृहातील मुले जेवली. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या आवाहनावरून असंख्य घरांनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडले. अमळनेरला शिक्षक राहिलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून उपोषणास बसले. तेथे प्रश्न समाजाच्या सदसद्विवेकाचा होता. निधीसाठीच्या उपवासाने त्या पंक्तीत बसण्याचा आव आणू नये. त्याचे नाते मुष्टिफंडाशी आहे.

असा उपवास कोणी करू म्हणेल तर वैद्याने त्यास परावृत्त करावे काय? माझ्या मते नाही. पण एका गोष्टीस ठाम विरोध करावा. ‘तासाला इतके रुपये’ असा करार नको. त्यात जितका ताण अधिक तितकी रक्कम अधिक, आणि एकटा उपवास करणारा दात्यांच्या भिडेपोटी शरीराची हाक ऐकत नाही.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात लंघनाच्या दहा प्रकारांत उपवास गणला आहे. क्षुधा व तृष्णा यांचा एकत्र उदय, शरीरलाघव, उद्गारशुद्धी ही सम्यक् लंघनाची लक्षणे. तर अंगमर्द, मुखशोष, अरुची आणि क्षुधानाश ही अतिलंघनाची. ‘आता मला भूकच लागत नाही’ असे उपवासकर्ता अभिमानाने सांगतो, तेव्हा लोक टाळ्या वाजवितात. वैद्याने मात्र त्याच क्षणी सावध झाले पाहिजे.

म्हणून रक्कम आरंभीच ठरावी आणि वैद्याच्या सल्ल्याने उपवास मध्येच सोडला तरी दात्याने ती पूर्ण द्यावी. गर्भिणी, बालक, वृद्ध, कृश तसेच इन्सुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे रुग्ण यांना प्रारंभीच नकार द्यावा. उपवासकर्ता एकटा असला तरी घरातील एक व्यक्ती सतत लक्ष ठेवणारी असावी. पाणी वर्ज्य करू नये. पारणे पेयेने व्हावे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ या न्यायाने साबुदाण्याच्या खिचडीवर व तळणावर नव्हे. वाचलेल्या जेवणाचा खर्च ही उपवासकर्त्याची स्वतःची पहिली देणगी असावी. देणग्या थेट नोंदणीकृत संस्थेच्या नावे जाव्यात आणि प्रत्येकास पावती मिळावी.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. आपण अवश्य दाते व्हावे. परंतु त्या निमित्ताने दुकानावर चूर्ण-आसवांचे फलक लावू नयेत. ज्याच्या उपाशी पोटावर आपली जाहिरात उभी राहते, त्याची प्रकृती बिघडल्यास दोष त्या व्यक्तीला नव्हे, आयुर्वेदाला दिला जाईल.

गिरणाकाठच्या आपल्या गावांत दानत कमी नाही. एकट्याने केलेल्या एका दिवसाच्या उपवासातून एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या पुस्तकांची सोय होत असेल, तर आपण त्याची नाडी पाहावी, त्याच्या यादीत आपले नाव लिहावे आणि वेळ आली की ‘आता पुरे’ हे सांगण्याचे धैर्यही ठेवावे.